मतं तीच, मोजणी वेगळी

२०२३च्या सप्टेंबरात ऑकलंडहून भाचीचा फोन आला. "मामा, इथल्या निवडणुकीत मला दोन मतं आहेत. एक माणसाला, एक पक्षाला. दोन्ही एकाच पक्षाकडे टाकायची असतात का रे?"

मी आधी दुसऱ्याच गोष्टीवर अडकलो. हिचा पासपोर्ट भारताचा, तिकडे जाऊन चार वर्षं झालेली, मग ही मत कशी देणार? पण देऊ शकते. न्यूझीलंडमध्ये कायम राहण्याचा परवाना हातात असला आणि सलग वर्षभर तिथे राहिलेलं असलं, की मतदार यादीत नाव लागतं. नागरिकत्वाची अट नाही. अशी सोय जगात अगदी मोजक्या देशांत आहे. मग मी मूळ प्रश्नाकडे वळलो. "दोन मतांचं काय एवढं कौतुक? २०१७ला पुणे महापालिकेला तू चार बटणं दाबलीस की."

"ते चार वेगळे नगरसेवक होते, अ, ब, क, ड. इथे खासदार एकच निवडायचाय आणि मतं दोन."

तिचं बरोबर होतं. त्या जादा मताचा उलगडा करता करता मला एका जुन्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर सापडलं: एका लोकशाहीत दोनच पक्ष आणि दुसरीत पंधरा, असं का होतं?

अमेरिकेत दोन पक्ष. नेदरलँड्समध्ये २०२१ साली संसदेत सतरा पक्ष निवडून आले. जपानमध्ये पक्ष पुष्कळ, पण १९५५पासून सत्ता जवळजवळ सतत एकाच पक्षाकडे. लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष १९९३ला आणि २००९ला थोड्या थोड्या काळासाठी काय तो सत्तेबाहेर बसला. चहाच्या टपरीवर याचं उत्तर तयार असतं: ज्याचा त्याचा स्वभाव. अमेरिकन माणसाला सरळ कुस्ती आवडते, डच माणूस वाद घालण्यात पटाईत, जपानी माणसाला बदल नको असतो. मला हे कधी पटलं नाही. स्वभाव हा वजनकाट्यावर न चढणारा माल, त्यामुळे त्याच्या नावावर काहीही खपवता येतं. न्यूझीलंड इथे कामाला येतो. त्या देशाने माणसं तीच ठेवली, मतं मोजायची रीत बदलली आणि पुढे काय होतं ते जगाला दाखवलं.

जुनी रीत आपल्याला तोंडपाठ आहे. मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं, तो विजयी. बाकीच्यांची मतं हिशेबातून बाद. ही इंग्रजांची देणगी, म्हणून ती भारतात आहे, कॅनडात आहे आणि १९९६पर्यंत न्यूझीलंडमध्येही होती. तिची गंमत छोट्या हिशेबात दिसते. समजा एका जिल्ह्यात दहा मतदारसंघ आहेत आणि तीन पक्ष. सगळीकडे कौल सारखाच: पहिल्याला शंभरातली ४०, दुसऱ्याला ३५, तिसऱ्याला २५. निकाल? पहिल्या पक्षाला दहाच्या दहा जागा. जिल्ह्यातल्या साठ टक्के लोकांच्या मतांतून एकही आमदार निघाला नाही. आता तिसऱ्या पक्षाची तीच मतं जिल्हाभर विखुरण्याऐवजी दोन तालुक्यांत गोळा झालेली असती, तर त्याचे दोन-तीन आमदार सहज आले असते. म्हणजे या रीतीत मतं किती मिळाली याइतकंच ती कुठे मिळाली यालाही महत्त्व. ब्रिटनमध्ये २०१५ साली यूकिप या पक्षाला देशभरात १२.६ टक्के मतं पडली आणि खासदार आला एक. स्कॉटिश नॅशनल पार्टीला ४.७ टक्के मतं आणि खासदार ५६, कारण तिची सगळी मतं स्कॉटलंडात होती. २०२४मध्ये तिथे लेबर पक्षाने जेमतेम ३४ टक्के मतांवर ६५०पैकी ४११ जागा नेल्या.

आपल्याकडे हे नवं नाही. २०१४च्या लोकसभेत बहुजन समाज पक्ष देशातला तिसऱ्या क्रमांकाची मतं घेणारा पक्ष होता, ४ टक्क्यांच्या थोडा वर. जागा शून्य. त्याच निवडणुकीत भाजपला ३१ टक्के मतांवर २८२ जागा, म्हणजे स्पष्ट बहुमत.

फ्रेंच अभ्यासक मोरीस द्युव्हर्जे यांनी १९५०च्या सुमारास यावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की या रीतीचे दोन फटके बसतात. पहिला फटका मोजणीचा, तो वर पाहिला. दुसरा मतदाराच्या मनाला बसतो. आपला आवडता पक्ष येणार नाही हे एकदा कळलं की माणूस "मत कशाला वाया घालवू" म्हणत दोन मोठ्यांपैकी त्यातल्या त्यात बऱ्याकडे जातो. पुढच्या खेपेला तो छोटा पक्ष आणखी छोटा होतो. मराठीत या दुसऱ्या फटक्याचा अख्खा शब्दसंग्रहच आहे: मतं खाणारा उमेदवार, मतविभाजन, बी टीम. २०१९च्या लोकसभेत वंचित बहुजन आघाडीवर बी टीमचा शिक्का मारला गेला तेव्हा मला राहून राहून वाटत होतं की आरोप पक्षावर होतोय आणि खोट आहे मोजणीत. तिसऱ्या पक्षाला मत दिल्याने दुसऱ्याचा तोटा होतो, हा काही निसर्गनियम नव्हे. तो नियम कुणीतरी लिहिलेला आहे, आणि तो बदलता येतो.

न्यूझीलंडने तो बदलला, पण सुखासुखी नाही. तिथेही दोनच मोठे पक्ष होते, नॅशनल आणि लेबर. १९७८ला लेबरला नॅशनलपेक्षा जास्त मतं पडली आणि सरकार नॅशनलचं आलं. असं एखाद्या वेळी होतं म्हणून सोडून द्यावं, तर १९८१ला पुन्हा तेच. त्या वर्षी सोशल क्रेडिट नावाच्या तिसऱ्या पक्षाला २०.७ टक्के मतं मिळाली, म्हणजे दर पाच मतदारांत एकाचं मत, आणि ९२पैकी जागा दोन. दोन! मग लेबर सत्तेत आला. त्याने नेमलेल्या आयोगाने १९८६ साली सांगितलं की जर्मनीसारखी मिश्र पद्धत आणा. दोन्ही मोठ्या पक्षांना अर्थातच त्यात रस नव्हता. ज्या शिडीने वर चढलो ती कोण मोडेल? १९८७च्या टीव्हीवरच्या वादविवादात पंतप्रधान डेव्हिड लाँगी यांनी आपल्या टिपणातलं चुकीचं वाचलं आणि यावर सार्वमत घेऊ असं आश्वासन देऊन बसले, असं तिथे सांगतात. शब्द तोंडातून गेला, पण पाळला गेला नाही. मग विरोधातल्या नॅशनलने तोच मुद्दा उचलला आणि सत्तेत आल्यावर त्यालाही मागे फिरता येईना.

तोवर लोक दोघांवरही चिडलेले होते. लेबरने न विचारता बाजार खुला केला, सरकारी उद्योग विकले. नॅशनलने ते थांबवण्याऐवजी आणखी पुढे रेटलं. कुणालाही निवडा, धोरण एकच. १९९२च्या पहिल्या सार्वमतात जवळपास ८५ टक्के लोकांनी बदल हवा म्हणून सांगितलं. विरोधकांनी उद्योगजगताच्या पैशावर मोठी मोहीम काढली. नव्या पद्धतीत खासदार ९९वरून १२० होतील, हा त्यांचा हुकमी एक्का. राजकारण्यांवर वैतागलेल्या लोकांना आणखी एकवीस राजकारणी दाखवून घाबरवायचं. तरी १९९३च्या दुसऱ्या, बंधनकारक सार्वमतात ५४ विरुद्ध ४६ अशा फरकाने जुनी रीत गेली.

नवी रीत म्हणजे भाचीच्या हातात पडणारा तो कागद. मतपत्रिकेवर दोन रकाने. डावीकडे पक्षांची नावं, उजवीकडे आपल्या भागातल्या उमेदवारांची. प्रत्येक रकान्यात एक बरोबरची खूण. उजवीकडची मोजणी आपल्यासारखीच, जास्त मतं तो खासदार. खरा खेळ डावीकडचा. देशभरातली डावीकडची सगळी मतं एकत्र मोजायची आणि १२० जागा त्या प्रमाणात पक्षांमध्ये वाटायच्या. एखाद्या पक्षाच्या वाट्याला पंधरा आल्या आणि त्याचे तीन उमेदवार आपापल्या भागात निवडून आलेले असले, तर उरलेले बारा पक्षाने आधीच जाहीर केलेल्या यादीतून क्रमाने उचलायचे. हा आकडा मी बनवलेला नाही, २०२३ला ग्रीन पक्षाचं तंतोतंत असंच झालं: ११.६ टक्के मतं, जागा १५, त्यांतल्या तीन थेट आणि बारा यादीतून.

"म्हणजे डावीकडचं मत जास्त महत्त्वाचं?" भाचीने विचारलं. कितीतरी जास्त. उजवीकडचं मत आपल्या भागाचा माणूस ठरवतं, डावीकडचं सरकार ठरवतं. त्यामुळे ही दोन मतं वेगवेगळीकडे टाकणारे लोक तिथे भरपूर आहेत. माणूस चांगला पण पक्ष नको, हे आपण कट्ट्यावर नुसतं बोलतो. तिथे त्यासाठी कागदावर जागा आहे.

१९९६ला या रीतीने पहिली निवडणूक झाली आणि चित्र एका रात्रीत पालटलं. १९९३ला नॅशनलने ३५ टक्के मतांवर ९९पैकी ५० जागा मिळवून बहुमत गाठलं होतं. अलायन्स नावाच्या आघाडीला १८ टक्के मतांवर दोनच मिळाल्या होत्या. तीन वर्षांनी, तीच माणसं, बरेचसे तेच पक्ष, आणि संसद अशी: नॅशनल ४४, लेबर ३७, न्यूझीलंड फर्स्ट १७, अलायन्स १३, ॲक्ट ८, युनायटेड १. संसदेतल्या बायका २१वरून ३५ झाल्या, कारण यादी करताना वरच्या दहा नावांत सगळे पुरुषच दिसले तर पक्षाची शोभा होते. एकेका मतदारसंघात एकेक पुरुष उभा केला तर ते कुणाच्या डोळ्यावर येत नाही. स्वभाव तीन वर्षांत बदलत नसतो.

मग सगळ्यांनाच दार उघडं का? नाही, उंबरठा आहे. देशभरात किमान ५ टक्के मतं हवीत, नाहीतर एखादा मतदारसंघ तरी थेट जिंकलेला हवा. हा उंबरठा किती उंच ठेवायचा यावर देशातली पक्षांची गर्दी ठरते. नेदरलँड्समध्ये तो जवळजवळ नाहीच: १५० जागा, अख्खा देश म्हणजे एकच मतदारसंघ, १५०वा हिस्सा मतं मिळवा आणि आत या. प्राण्यांच्या हक्कांसाठीचा पक्ष २००६पासून तिथे संसदेत आहे, पेन्शनरांचा पक्षही येऊन-जाऊन असतो. मतपत्रिका वर्तमानपत्राच्या पानासारखी उलगडावी लागते आणि लाल पेन्सिलीने गोल रंगवायचा असतो. याची किंमतही आहे. २०२१च्या निवडणुकीनंतर सरकार बनायला २९९ दिवस लागले.

जर्मनीने हिटलरच्या आधीच्या वायमार प्रजासत्ताकाची पडझड पाहिलेली, म्हणून त्याने ५ टक्क्यांचा उंबरठा पक्का ठेवला. २०२५च्या फेब्रुवारीत झारा वागेनक्नेश्त यांच्या पक्षाला ४.९८ टक्के मतं मिळाली. सुमारे साडेनऊ हजार मतं कमी पडली, आणि जागा शून्य. इस्राएलची गोष्ट याहून मजेची. तिथे २०१४ला उंबरठा २वरून ३.२५ टक्क्यांवर नेला. छोटे अरब पक्ष त्याखाली चिरडले जाणार, असं सगळ्यांना वाटलं. ते एक झाले आणि २०१५ला १३ जागा घेऊन संसदेतला तिसरा गट बनले. नियम लिहिणाऱ्याच्या मनात एक असतं, नियम वापरणारे त्याचं दुसरंच करतात.

याचा सर्वांत रंगतदार नमुना ऑकलंडमधलाच आहे. २००८ला न्यूझीलंड फर्स्टला ४.०७ टक्के मतं मिळाली, उंबरठा चुकला, शून्य जागा. ॲक्ट पक्षाला त्याहून कमी, ३.६५ टक्के, पण ऑकलंडमधला एप्सम हा श्रीमंत मतदारसंघ त्याने थेट जिंकलेला, म्हणून पाच जागा. झालं, एप्समला सोन्याचा भाव आला. २०११च्या निवडणुकीआधी पंतप्रधान जॉन की आणि ॲक्टचे एप्सममधले उमेदवार जॉन बँक्स यांनी न्यूमार्केटमधल्या एका कॅफेत चहा घेतला. बाहेर पत्रकारांची ही झुंबड. चहात काही नव्हतं. तो इशारा होता. नॅशनलच्या मतदारांनो, डावीकडचं मत आम्हाला द्या आणि उजवीकडचं या बँक्सना. नॅशनलचा स्वतःचा उमेदवार तिथे उभा होता आणि तोही लोकांकडे फक्त पक्षासाठी मत मागत फिरत होता. एका कॅमेरामनचं रेकॉर्डिंगचं यंत्र टेबलावर चालू राहिलं, दोघांचं बोलणं टिपलं गेलं, प्रकरण पोलिसांपर्यंत पोचलं आणि प्रचाराचे पुढचे दोन आठवडे त्या चहाच्या कपातच गेले. बँक्स जिंकले. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "हे तर आपल्यासारखंच!" होय, फक्त आपल्याकडे चहा बंद दाराआड होतो.

आता आपल्याकडेच वळतो, कारण इथे द्युव्हर्जे यांचा हिशेब चुकल्यासारखा दिसतो. जास्त मतं तो विजयी ही रीत असूनही महाराष्ट्रात २०२४च्या विधानसभेला सहा मोठे पक्ष होते. दोन का नव्हते? एक कारण भारताच्या आकारात आहे. बऱ्याच राज्यांत लढत मुख्यतः दोन बाजूंचीच असते, पण दर राज्यात त्या दोन बाजू वेगळ्या. सगळी राज्यं दिल्लीत एकत्र आली की पक्षांची जत्रा भरते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मतं फुटली की मार बसतो हे आपल्या पक्षांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून ते मतदारांनी एक व्हायची वाट पाहत बसत नाहीत, आधीच मतदारसंघ वाटून घेतात. जागावाटप ही आपली खरी निवडणूकपूर्व निवडणूक. कुणाला कोकण, कुणाला मराठवाडा, कुठे 'मैत्रीपूर्ण लढत', कुठे बंडखोराची समजूत. महाराष्ट्रात २०२४ला सहा पक्ष होते आणि आघाड्या दोन. फ्रेंच पंडिताचा नियम मोडला म्हणावं की मागच्या दाराने पाळला म्हणावं?

फरक एवढाच पडतो की सौदा कधी होतो. आपल्याकडे मतदानाआधी, जागांचा. न्यूझीलंडमध्ये मतदानानंतर, खात्यांचा. आपल्याकडे अधूनमधून दोन्ही वेळा होतो, हेही मान्य करायला हवं.

मतदानानंतरच्या सौद्याचे बादशहा म्हणजे विन्स्टन पीटर्स. १९९६ला त्यांच्या न्यूझीलंड फर्स्टच्या १७ जागांवर सगळं अडलं. निवडणूक १२ ऑक्टोबरला, निर्णय १० डिसेंबरला. दोन महिने देश या एका माणसाच्या तोंडाकडे बघत बसला होता, आणि त्यांनी निवडलं नॅशनलला, ज्या पक्षाशी भांडून ते बाहेर पडले होते. २०१७ला नॅशनलकडे ५६ जागा, लेबरकडे ४६. पीटर्स यांच्याकडे नऊ. त्यांनी लेबरला हात दिला आणि जसिंडा आर्डर्न पंतप्रधान झाल्या. सर्वांत मोठा पक्ष विरोधात. सात टक्क्यांच्या पक्षाने पंतप्रधान ठरवावा का, हा आक्षेप तिथे कायम घेतला जातो आणि तो खोटा नाही. पण ३५ टक्क्यांच्या पक्षाने ९९पैकी ५० जागा घेऊन कुणालाच न विचारता राज्य करावं, हे त्याहून बरं होतं असं मला तरी म्हणवत नाही. नव्या रीतीने एका पक्षाला एकट्याच्या जिवावर बहुमत फक्त एकदाच मिळालंय: २०२०ला, लेबरला, निम्म्या मतांवर.

तिथला "बाहेरून पाठिंबा" हाही आपल्यापेक्षा जरा वेगळा प्रकार आहे. विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्प यांवर सरकारला मत द्यायचं, बाकी मोकळं, असा लेखी करार होतो आणि तो छापून जाहीर करतात. २००५ला पीटर्स अशा पाठिंब्यावर परराष्ट्रमंत्री होते आणि तरीही मंत्रिमंडळात नव्हते. जर्मनीने अस्थिरतेवर वेगळा उतारा शोधलाय: पुढचा चॅन्सेलर कोण हे ठरल्याशिवाय आत्ताचा पाडता येत नाही. १९८२ला हेल्मुट श्मिट पडले ते हेल्मुट कोल यांच्या नावावर मतदान होऊनच.

आणि पक्षांतर? तेही आहे. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत होडीला वाका म्हणतात. पक्ष बदलणाऱ्याला तिथे 'वाकातून उडी मारणारा' म्हणतात, आपल्याकडच्या आयाराम-गयारामाचा हा सख्खा भाऊ. १९९७ला यादीतून आलेल्या एका खासदाराने पक्ष सोडला आणि जागा सोडली नाही. लोक खवळले, कारण यादीवरच्या माणसाला नावाने कुणी मत दिलेलंच नसतं, दिलेलं असतं पक्षाला. २००१ला कायदा झाला, २००५ला त्याची मुदत संपली, २०१८ला तो परत आणला. या कायद्याला वर्षानुवर्षं नाकं मुरडणाऱ्या ग्रीन पक्षानेच २०२४ला तो आपल्या एका माजी सदस्याविरुद्ध वापरला. आपला १९८५चा पक्षांतरबंदी कायदा एकट्यादुकट्याला पकडतो, दोन-तृतीयांश एकत्र गेले तर त्याला विलीनीकरण म्हणतो. गोव्यात काँग्रेसच्या १५ आमदारांपैकी २०१९च्या जुलैमध्ये दहा भाजपमध्ये गेले, बरोबर दोन-तृतीयांश. गणित पक्कं असलेली माणसं. २०२२च्या सप्टेंबरात ११तले आठ गेले.

मुळात "पक्षाचा माणूस" म्हणजे कोण, हेही सगळीकडे सारखं नसतं. अमेरिकेत उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवत नाहीत, प्राथमिक फेरीत मतदार ठरवतात. म्हणून सिनेटमध्ये अपक्ष असलेले बर्नी सँडर्स डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागू शकले. नेदरलँड्समधल्या खेर्ट विल्डर्स यांच्या पक्षाने २०२३ला सर्वाधिक ३७ जागा जिंकल्या आणि त्या पक्षाचा सदस्य एकच: खुद्द विल्डर्स. तिकीटवाटपाची भानगडच नाही.

परत भाचीकडे. १४ ऑक्टोबर २०२३चा शनिवार. इकडे सर्वपित्री अमावस्या आणि अहमदाबादला भारत-पाकिस्तान सामना. दुपारी पाकिस्तानच्या विकेटी पडत होत्या तेव्हा तिकडे रात्र होती आणि भाची मोबाईलवर आकडे पाठवत होती. नॅशनल ५०, ॲक्ट ११, मिळून ६१. काठावर का होईना, दोघांचं बहुमत. पीटर्सही आत आले होते, पण त्यांची गरज नव्हती. मी म्हटलं, झालं तुमचं सरकार. "थांब," ती म्हणाली, "खास मतं मोजायची आहेत." परदेशातल्यांची, उशिरा नाव नोंदवलेल्यांची, दुसऱ्याच भागात मत दिलेल्यांची मतं तिथे मागाहून मोजतात. ३ नोव्हेंबरला अंतिम निकाल लागला आणि नॅशनल ४८वर आला. माओरी पक्षाने ३ टक्के पक्षमतांवर थेट सहा मतदारसंघ जिंकले होते, वाट्याला मात्र चारच येत होत्या. जिंकलेली जागा कुणाकडून काढून घेता येत नाही, म्हणून १२०ची संसदच दोन जागांनी वाढली आणि १२२ची झाली. नॅशनल आणि ॲक्ट मिळून ५९. पुन्हा पीटर्स.

तीन पक्षांची बोलणी नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत चालली. क्रिस्टोफर लक्सन पंतप्रधान झाले. उपपंतप्रधानपद पीटर्सनाही हवं होतं आणि ॲक्टचे डेव्हिड सीमोर यांनाही. तीन वर्षांची मुदत, म्हणून दीड-दीड वर्षं. ३१ मे २०२५पर्यंत पीटर्स, पुढे सीमोर. ही तारीख करारात लिहिली आणि करार सगळ्यांना वाचायला ठेवला. २०१९ला मुंबईत अडीच-अडीच वर्षांचं काय ठरलं होतं आणि काय ठरलं नव्हतं यावर युती मोडलेली मी पाहिली होती, त्यामुळे ती तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवली.

तो दिवस आला, शनिवारच होता. सीमोर यांचा शपथविधी झाल्याची बातमी वाचली आणि भाचीला फोन लावला. ती बाजारात होती, मागे गलका ऐकू येत होता.

"अगं, तुमचा उपपंतप्रधान बदलला."

"हो का? आज होतं होय ते," ती म्हणाली. "मामा, जरा वेळाने करते, कोथिंबीर संपतेय इथली."